अंगठीतलं सोनं

प्रिय आई-बाबा,

बाबांच्या ऑपरेशनसाठी तुम्ही विकायला दिलेली आईची माणकाची अंगठी मी विकलेली नाही आणि विकणारही नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे मी भरून टाकलेत. न विचारता केलं, हवं तर रागवा. पण माझे पैसे बँकेत नुसतेच पडून होते, खरंच, आणि बाबांना एकेका पायरीवर थांबताना बघवत नाही.

तरी आई, "नुसतं सोनं किती भरेल ते बघ" म्हणालीस म्हणून मोजलं. खडा काढला असता तर सोपं होतं, पण खडा धरून ठेवणाऱ्या नख्या वाकवताना माणकाचा कोपरा उडाला असता तर? धीर झाला नाही. बारीक काट्यावर अंगठी ५.२० ग्रॅम भरली. मग पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणला आणि अंगठी दोऱ्याने, तळाला न टेकवता, पाण्यात सोडली. आकडा आला ०.४८. नीट पाहिलं तर खड्याखाली बुडबुडा! तो झटकल्यावर ०.४५. हे अंगठीने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, आणि एक ग्रॅम पाणी म्हणजे एक घनसेंटीमीटर; म्हणजे अंगठीचं आकारमान ०.४५ घनसेंटीमीटर. तिचं सोनं पाण्याच्या साधारण साडेपंधरा पट जड, माणिक फक्त चौपट. दोन्हींचा मेळ घातला तर सोनं ४.५८ ग्रॅम निघतं, माणिक ०.६२. आत ७५० चा ठसा आहे, म्हणजे हजारात ७५० भाग सोनं, यालाच १८ कॅरेट म्हणतात; म्हणून शुद्ध सोनं त्याच्या पाऊणपट, सुमारे ३.४ ग्रॅम. बुडबुड्यासकट हिशोब केला असता तर सोनं उगाच कमी दिसलं असतं.

बाबा, १८ कॅरेट म्हणजे खड्याचं वजन नव्हे हो. सोन्याचं कॅरेट शुद्धतेचं, २४ पैकी १८ भाग. खड्याचं कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. आपलं माणिक जेमतेम तीन कॅरेटचं.

आई, ताप आला की तू पालथा हात माझ्या कपाळाला लावायचीस ना, तेव्हा हाच खडा गार लागायचा. मी मुद्दाम "अजून आहे ताप" म्हणायचे.

आता ऐका. बंद पाठीच्या हारावर हा प्रयोग करायचा नाही; आत लाख असते, पाणी शिरेल आणि हिशोबही चुकेल. मोती तर बुडवायचेच नाहीत. कोणी सगळ्या वजनाला सोनं म्हणालं तर आधी खड्यांचं वजन वेगळं मागायचं. बाबा, गोळी जेवल्यावरच, आणि काठी घ्या. त्यात कमीपणा नाही.

अंगठीला दोरा अजून तसाच आहे. मी आले की तूच सोड.

तुमची,
धाकटी