वेळ बदलून लिहू नकोस

सोलापूर

प्रिय सुमे,

तुझं पत्र वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. तुमच्या औषधाच्या ट्रायलचे कागद तपासायला आलेली मॉनिटर समोर बसलेली असताना तू आणि ती ईमेलवर भांडता, वॉर्डातल्या सिस्टर तुझा फोन उचलत नाहीत आणि ट्रायलचे प्रमुख असलेले तुमचे डॉक्टर सर म्हणतात, 'आपापसात मिटवा.' राजीनामा लिहिण्याआधी एवढं बघ, की यातलं मिटवण्यासारखं नेमकं काय आहे आणि काय नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडेही असंच पेटलं होतं. ट्रायलच्या पेशंटला दहाला गोळी दिली की बाराला रक्त घ्यायचं, दहा मिनिटं इकडेतिकडे चालतं. त्या दिवशी वॉर्डात दुसरा पेशंट अत्यवस्थ झाला, सिस्टर तिकडे धावल्या आणि सँपल निघालं 12.25 ला. आमचा कोऑर्डिनेटर, म्हणजे ट्रायलचं रोजचं काम बघणारा, त्यांना सगळ्यांदेखत नको ते बोलला. त्यांनीही सुनावलं, "मला वॉर्ड सांभाळायचाय, तुमची ट्रायल नाही." एका वरिष्ठांनी तोडगा सुचवला: कागदावर 12.10 लिहा, भांडण संपेल, मॉनिटरची क्वेरी, म्हणजे खुलासा मागणारा प्रश्नही, येणार नाही.

मी साफ नाही म्हटलं. कोणत्या वेळी रक्तात किती औषध होतं, यावरूनच त्याचा डोस ठरतो गं. ती गोळी उद्या कुणाच्या तरी आईच्या हातावर पडणार आहे. 12.25 तसंच राहिलं, डेव्हिएशन, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळं घडलं, असं नोंदलं गेलं. अशा बाबतीत वाईटपणा आला तर येऊ दे, तू मागे हटू नकोस.

सिस्टरांचा राग मात्र मिटवायलाच हवा होता. डेलिगेशन लॉग, म्हणजे ट्रायलचं कोणतं काम कुणाकडे दिलंय त्याची नोंद, उघडला तर त्यात त्यांचं नावच नाही! ना ट्रेनिंग, ना सही, आणि काम मात्र त्यांच्या गळ्यात. आमच्या सरांनी त्यांची माफी मागितली, तीही सगळ्यांसमोर, कारण अपमान सगळ्यांसमोर झाला होता. मग ट्रेनिंग झालं, लॉगवर सही झाली (त्याच दिवसाच्या तारखेनं, मागची तारीख घालून नाही), आणि इनचार्ज सिस्टरांशी बोलून सँपलच्या दिवशी वॉर्डात एक जास्तीची स्टाफ मिळाली. आता वेळ व्हायच्या आत त्यांचा ट्रे तयार असतो.

याच सिस्टरांनी पुढे आम्हाला एका मोठ्या घोळातून वाचवलं. पूर्व भागातली एक विडी कामगार बाई संमतीपत्रावर अंगठा द्यायला निघाली होती. कागद मराठीत, बाई तेलुगू बोलणारी, आणि कोऑर्डिनेटरच्या डोक्यावर पेशंट भरतीचं टार्गेट. सिस्टर मध्ये पडल्या, "थांबा, तिला काही समजलेलं नाही." त्या स्वतः पद्मशाली, तेलुगूत दोन प्रश्न विचारताच सगळं उघड झालं. तेलुगू संमतीपत्र आणि ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार मिळेपर्यंत आम्ही थांबलो. सगळं नीट ऐकल्यावर बाईनं नकार दिला आणि घरी गेली. तो तिचा हक्कच होता. त्या दिवशी सिस्टर कालच्या रागानं गप्प बसल्या असत्या तर?

म्हणून तुमच्या अबोल्याची मला जास्त धास्ती वाटते. 2019 च्या नियमांप्रमाणे गंभीर प्रतिकूल घटना 24 तासांत प्रायोजकाला (ट्रायल करवणाऱ्या कंपनीला), एथिक्स कमिटीला आणि केंद्रीय औषध नियंत्रकांकडे कळवावी लागते. सिस्टर तुझा फोन उचलत नसतील, तर रात्री पेशंटला आयसीयूत हलवल्याचं तुला कळणार कधी?

मॉनिटरशी बोलणं त्या मानानं सोपं आहे. ती निघायच्या आधी सरांना घेऊन तिच्यासोबत बस आणि एकेक क्वेरी कागद समोर ठेवून बघा. तिलाही परत जाऊन रिपोर्ट द्यायचा असतो, तिच्याही मानेवर कुणीतरी बसलेलं असतं. जी क्वेरी बरोबर आहे ती तिथेच मान्य करून टाक.

सिस्टरांकडे मात्र स्वतः जा, वॉर्डात, ड्युटी बदलल्यावर, हातात फाईल न घेता. आणि त्याआधी तुमचा लॉग उघडून त्यांचं नाव आहे का ते बघ. नसेल तर रविवारी फोन कर, सरांपुढे हे कसं मांडायचं ते दोघी मिळून ठरवू.

तुझीच,
मंदा