पाठीवरच्या इंजिनालाही पेट्रोल लागतं, मंत्रीसाहेब!

प्रति,
मा. पेट्रोलियम मंत्री,
भारत सरकार

विषय: ई-२० (२० टक्के इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल मिसळलेलं) पेट्रोल आणि आमचे ग्रासकटर

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी सिंधुदुर्गात आंबा-काजूच्या बागांची बेणणी ठेक्याने करतो. पाऊस ओसरला की कलमांखाली कमरेएवढं गवत उभं असतं आणि प्रत्येक बागायतदाराला ते उद्याच कापून हवं असतं. आमचे चार पैसे मिळवायचे दिवस हेच. नेमके याच दिवसांत माझे दोन ग्रासकटर गेल्या आठवड्यात एकदम बसले. दोरी ओढून ओढून पोरांचे खांदे भरून आले, पण इंजिन ढिम्म.

मेकॅनिकने कार्ब्युरेटर खोलला. आतला पातळ पडदा, डायफ्रॅम, पापडासारखा कडक, पेट्रोलची नळी फुगून चिकट. टाकीतलं पेट्रोल त्याने बाटलीत ओतून ठेवलं, तर थोड्या वेळाने दोन थर. वर पेट्रोल आणि त्यात मिसळलेलं टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं वंगण), खाली पाणी आणि इथेनॉल. पंपावर जाब विचारला तर म्हणे, "भेसळ नाही हो, सरकारी आहे." सरकारी म्हटल्यावर इंजिनाने गुमान चालायचं, असं असावं.

इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आमच्याकडे हवेत पाण्याला तोटा नाही. पाणी धरलेलं इथेनॉल तळाला बसतं, टाकीतला फिल्टरही तळालाच. त्या थरात ऑइल नाही आणि टू-स्ट्रोकला वंगण मिळतं ते फक्त पेट्रोलातून. मग पिस्टनला चरे पडणार नाहीत तर काय? दुरुस्तीचा खर्च माझा, पोरांचा खाडा माझा, आणि वाट बघून कंटाळलेल्या बागायतदाराने दुसरा गडी लावला तो तोटाही माझाच. गाडीवाले निदान टीव्हीवर भांडतात. ग्रासकटरवाल्याला कोण विचारतो?

आता तुमच्या शब्दाबद्दल. नीती आयोगाचा इथेनॉलचा आराखडा २०२१ साली निघाला. इथेनॉलमध्ये ताकद कमी, म्हणून असलं पेट्रोल साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त हवं, असं त्यात लिहिलंय. जुन्या गाड्यांसाठी १० टक्केवालं पेट्रोल चालू ठेवा, असंही आहे. २०३० चं २० टक्क्यांचं उद्दिष्ट तुम्ही २०२५ वर आणलंत आणि गाठलंतही. अभिनंदन! स्वस्ताईची पाळी आली तेव्हा मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये तुमच्याच मंत्रालयाने सांगितलं की इथेनॉलच ७१ रुपये ३२ पैसे लिटरने पडतं, मग स्वस्त कुठून देणार. बिगर-इथेनॉल हवं असेल तर १०० ऑक्टेनचं घ्या, लिटरला दीडशेच्या वर, तेही मोठ्या शहरांत. गवत कापायला पेट्रोल आणायचं म्हणून आम्ही पुण्याला जावं काय?

हवा स्वच्छ होते म्हणता. नव्या गाडीत होत असेल, कार्बन मोनॉक्साइड कमी होतो हे त्याच आराखड्यात आहे. ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी रसायन वाढतं हेही तिथेच आहे, ते भाषणात येत नाही. शिवाय गाडीचा धूर मागे राहतो, आमचा सायलेन्सर कोपराखाली असतो. वारा फिरला की सगळं थेट तोंडात. टू-स्ट्रोक चौथा हिस्सा पेट्रोल न जाळताच फेकतो म्हणतात. बीएस-६ पेट्रोलमध्येही १ टक्क्यापर्यंत बेन्झीन चालतं आणि बेन्झीनने रक्ताचा कॅन्सर होतो, हे जगाला माहीत आहे. संध्याकाळी घरी आलो की डोकं ठणकत असतं, घशात खवखव, आणि पेजेला पेट्रोलचा वास. डॉक्टर म्हणतात, धुरात काम करू नका. बरं! मग खाऊ काय, त्याची चिठ्ठी कोण लिहून देणार?

स्कूटरला पीयूसी नसेल तर पोलीस अडवतो. ग्रासकटरची पीयूसी आजवर कोणी मागितली नाही. कॅलिफोर्नियाच्या प्रदूषण खात्याचा हिशेब वाचा: पानं उडवायचं पेट्रोल मशीन तासभर चालवलं तर मोटार १,७७० किलोमीटर चालवल्याइतकं धुरकं करणारं प्रदूषण हवेत जातं. मुंबई ते दिल्लीसुद्धा इतकं लांब नाही! स्वीडनमध्ये जंगलात करवत चालवणारे कामगार धुराने हैराण झाले, तेव्हा १९८० च्या दशकात त्यांच्यासाठी अल्किलेट पेट्रोल आलं. त्यात बेन्झीन जवळजवळ नाहीच आणि इथेनॉलही नाही. बनतं रिफायनरीतच. रिफायनऱ्या आपल्याकडे कमी आहेत काय? कोकणात आणखी एक आणायला तर सगळे टपलेले आहेत.

पण यात ऊस नाही ना! उसापासून एक लिटर इथेनॉल करायला २,८६० लिटर पाणी लागतं, हाही तुमचाच आकडा. मराठवाड्यात टँकर आणि गाडीच्या टाकीत ऊस. घाटावरचे कारखाने जगले पाहिजेत, कारण प्रत्येक कारखान्यामागे एक आमदार उभा असतो. आमच्याकडे दर मे महिन्यात काजूचे बोंडू झाडाखाली कुजतात, त्यांचं काही करा म्हणून आम्ही ओरडतोय. पण बोंडवाला चेअरमन नसतो, त्यामुळे बोंडू कुजणारच. निवडणुकीत मात्र आम्ही "अन्नदाता ते ऊर्जादाता".

तर मागणं एवढंच: तालुक्यात एका तरी पंपावर बिगर-इथेनॉल पेट्रोल साध्या भावात द्या. अल्किलेट आणणं जमत असेल तर आणा. आणि ई-२० च्या पंपावर, हे टू-स्ट्रोक मशीनमध्ये साठवून ठेवू नका, एवढी मराठीत पाटी लावा. पाटीला तरी पैसे पडत नाहीत.

उत्तर टपालाने आलं तरी चालेल. दोन्ही मशीन अजून मेकॅनिककडेच आहेत, मी घरीच असतो.

आपला,
एक ग्रासकटरवाला
जि. सिंधुदुर्ग