रिमोट चालतो म्हणून चावी निर्दोष, असे नव्हे

संपादक महोदय,
सा. न. वि. वि.

गाडी सुरू होत नाही आणि डॅशबोर्डवर चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकतो आहे, अशी तक्रार गॅरेजमध्ये नेली की बहुधा दोनच उपाय सुचवले जातात: रिमोटचा सेल बदला, नाहीतर कंट्रोल युनिट (इंजिनाचा कारभार पाहणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदला. पहिल्याचा खर्च किरकोळ, दुसऱ्याचा डोळे पांढरे करणारा. आणि या दोहोंच्या मधल्या शक्यता तपासण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. अशाच एका मधल्या शक्यतेने मला तीन दिवस हैराण केले, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझ्या चावीचे प्लॅस्टिकचे कवच तडकले होते. तयार मिळणारे नवे कवच आणून मी आतली सर्किटची पट्टी, सेल आणि जुने पाते त्यात बसवले. बटण दाबताच दारे पूर्ववत उघडू लागली, तेव्हा काम फत्ते झाले असे वाटले. मात्र चावी फिरवली की इंजिन धरायचे आणि दोन सेकंदांत गपकन बंद पडायचे. पुन्हा सेल्फ मारला की पुन्हा तेच. गॅरेजमध्ये आधी इंधनपंपावर संशय घेतला गेला, मग कंट्रोल युनिटवर. चावीचा विषय मी काढला, तर ‘रिमोट चालतोय ना, मग चावीत काही नाही’ असे सांगून तो मिटवण्यात आला. अखेर कपाटातली दुसरी चावी आणून लावली, तर गाडी पहिल्याच प्रयत्नात सुरू झाली आणि सुरूच राहिली. जुने कवच सुदैवाने मी फेकले नव्हते. त्याच्या कोपऱ्यात नखाएवढा, पाचरीच्या आकाराचा एक काळा तुकडा चिकटलेला होता. प्लॅस्टिकचाच भाग समजून मी तो तिथेच राहू दिला होता. ती इमोबिलायझरची, म्हणजे ओळखीची चावी नसेल तर इंजिन चालू न देणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेची, चिप होती. चूक सर्वस्वी माझी होती. पण ती ओळखण्याचे ज्ञान ज्यांच्याकडे असायला हवे, त्यांनाही ती ओळखता आली नाही.

चावीच्या एकाच खोळीत दोन स्वतंत्र यंत्रणा नांदत असतात, हे लक्षात घेतले की निम्मा गोंधळ मिटतो. दारे उघडणारा रिमोट सेलवर चालतो, बहुधा तो ३ व्होल्टचा, सीआर २०३२ जातीचा असतो (२० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, ही मापे त्याच्या नावातच आहेत). चिपला मात्र सेल लागतच नाही. चावी फिरवायच्या कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून, अनेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झ वारंवारतेचे, चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. चिप त्यातूनच ऊर्जा घेते आणि आपली ओळख कळवते. ती ओळख पटली नाही, तर इंधन किंवा ठिणगी रोखली जाते. काही गाड्यांत स्टार्टरच फिरत नाही. त्यामुळे सेल संपला तर दार बटणाने उघडणार नाही, पण इंजिन सुरू व्हायला हरकत नसते; चिप हरवली तर नेमके उलटे घडते. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांतही, सेल संपलेला रिमोट स्टार्टच्या बटणाला किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागेला टेकवून गाडी सुरू करण्याची सोय असते, ती याच तत्त्वावर.

म्हणून पहिली तपासणी दुसऱ्या चावीने व्हावी. ती चालली तर दोष पहिल्या चावीत. दोन्ही चालत नसतील तर शोध गाडीकडे वळवावा, आणि तोही आधी वेटोळ्याकडे, त्याच्या जोडणीकडे व मुख्य बॅटरीकडे. बॅटरी खचलेली असली की सेल्फ मारताना व्होल्टेज कोसळते आणि इलेक्ट्रॉनिक युनिटे भलतेच वागू लागतात. त्याचे खापर इमोबिलायझरवर फुटते. एकाच कडीत दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी अडकवलेली असेल, तर तीही काढून पाहावी. रिमोटच्या सेलबाबत एक सावधगिरी: मल्टिमीटरवर ३ व्होल्ट दिसले म्हणून तो धडधाकट ठरत नाही, कारण दमलेला सेल बटण दाबल्यावरच मान टाकतो.

जर्मनी आणि ब्रिटनमध्ये नव्या मोटारींना इमोबिलायझर १९९८ पासून सक्तीचा आहे; म्हणजे हे तंत्र काही कालपरवाचे नव्हे. तरीही मालकाच्या हाती पडणाऱ्या पुस्तिकेत या दिव्यासमोर अनेकदा ‘अधिकृत सेवाकेंद्राशी संपर्क साधा’ एवढेच वाक्य असते. चावीत चिप असते, कवच बदलताना ती काढून घ्यावी लागते आणि गाडी अडली तर आधी दुसरी चावी लावून पाहावी, ही तीन वाक्ये तिथे छापायला काय हरकत आहे? गॅरेजनेही कोणताही महागडा भाग बदलण्यापूर्वी दुसरी चावी लावून पाहिल्याची नोंद आणि स्कॅनरवर दिसलेले दोषांक (बिघाडाचे संकेतांक) ग्राहकाला लेखी द्यावेत. नवे कंट्रोल युनिट बसवले, तरी अनेक गाड्यांत ते चाव्यांशी जुळवून घ्यावे लागते. ज्या चावीत चिपच नाही, तिच्याशी ते जुळणार कसे, हा प्रश्न माझ्या बाबतीत नवे युनिट मागवण्यापूर्वी कोणालाच पडला नाही.

आपला,
एक वाहनधारक वाचक