‘दिसला’ म्हणजे ‘राहतो’ असे नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘वाघ दिसला म्हणून बोंब ठोकणाऱ्यांवर गुन्हे दाखल करा’ अशा आशयाचे वाचकपत्र आपल्या अंकात वाचले. येडशीच्या रामलिंग अभयारण्यात डिसेंबर २०२४ मध्ये कॅमेऱ्याने पट्टेरी वाघ टिपला. त्याच्या थोडे आधी एक मेंढपाळ आमच्या पारावर येऊन “वाघ बघितला” म्हणाला, तेव्हा हसणाऱ्यांत मीही होतो. तीस वर्षे विज्ञान शिकवलेला माणूस मी, पण एकही प्रश्न न विचारता “बिबट्या असेल रे” म्हणून त्याला वाटेला लावले. आपल्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात, ही माझी सबब. “पट्टे होते का?” एवढे विचारायला काय हरकत होती?

नंतर मुलीकडे अमेरिकेत कनेटिकट राज्यात चार महिने राहिलो, तर तिथेही हाच वाद. फक्त वाघाच्या जागी माउंटन लायन. यालाच प्यूमा किंवा कूगर म्हणतात. नावात सिंह असला तरी आयाळ वगैरे काही नाही. अंग पिवळट तपकिरी आणि शेपूट लांब, जाडजूड. हल्ली त्याची वस्ती मुख्यतः पश्चिमेकडच्या राज्यांत, आणि थोडी फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला. बाकी पूर्वेकडून तो केव्हाच मारून संपवला गेला. तिथला पूर्वेकडचा कूगर नामशेष झाल्याचा निष्कर्ष सरकारने मार्च २०११ मध्ये जाहीर केला. आणि त्याच वर्षी ११ जूनला कनेटिकटमधल्या मिलफर्ड गावाजवळ हमरस्त्यावर गाडीच्या धडकेने एक माउंटन लायन मेला! चांगला ६३ किलोचा नर.

काही दिवस आधी जवळच्या ग्रीनिचमध्ये तो लोकांना दिसला होता. कुणीतरी पाळलेला सुटला असेल, असा अधिकाऱ्यांचा पहिला अंदाज होता. पण त्याची नखे काढलेली नव्हती, खच्चीकरण झालेले नव्हते, पाळीव जनावराला बसवतात तशी ओळखीची चिपही अंगात नव्हती. डीएनए तपासला तेव्हा तो साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्समधल्या वाणाचा निघाला. म्हणजे दीड हजार मैलांहून अधिक, आपल्या हिशेबात अडीच हजार किलोमीटरच्या घरात, मजल मारून तो आला होता.

मुलीचे शेजारी, एक निवृत्त पोस्टमन, ही गोष्ट मला तीनदा सांगून चुकले. त्यांनी स्वतः परसामागच्या झाडीत माउंटन लायन पाहिला आहे, संध्याकाळी, साठ पावलांवरून. “तेव्हा आला, मग आता का नाही?” आणि पुढे हळूच, “इथे त्यांची पिल्लेसुद्धा आहेत, सरकार दडवते.” जावई त्यांना वेड्यात काढतात. मला मात्र त्यांचे पहिले वाक्य पटले आणि दुसरे मुळीच पटले नाही.

कारण असे. मिलफर्डला मेलेल्या त्या एकट्या जनावराने वाटेत किती खुणा ठेवल्या बघा. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमध्ये मिळालेल्या नमुन्यांशी त्याचा डीएनए जुळला. न्यूयॉर्क राज्यात लेक जॉर्जजवळ सापडलेले केसही त्याचेच निघाले. लोकांनी पाहिल्याचे सांगितले ते वेगळेच. एक नर एवढा माग सोडतो, तर पिढ्यान्‌पिढ्या नांदणारे कुटुंब काहीच सोडणार नाही? फ्लोरिडात हे जनावर जेमतेम शे-दोनशे असेल, तरी एकेका वर्षी वीस-पंचवीस गाड्यांखाली मरतात. कनेटिकटमध्ये तर रस्त्यांचे जाळे. त्या अपघातानंतरही तिथे ‘दिसला, दिसला’ चालूच राहिले, पण दुसऱ्याचा पुरावा मिळालेला नाही. कित्येक जण तर काळा दिसल्याचे सांगतात. काळा माउंटन लायन आजवर कुठेच सिद्ध झालेला नाही.

वयात आलेले नर लांब भटकतात, माद्या बहुधा जन्मठिकाणाच्या आसपासच राहतात. म्हणून एखादा नर कुठेही उगवू शकतो. वस्ती झाली हे कळते ते मादी आणि पिल्ले दिसल्यावर. मिशिगनच्या उत्तर भागात २०२५ मध्ये दोन पिल्लांचा फोटो मिळाला, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनीच ते जाहीर केले. दडवायचे असते तर तेच दडवले असते, नाही का?

आपल्याकडेही वेगळे काय घडले? यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातला, गळ्यात रेडिओ कॉलर लावलेला तरुण नर वाघ २०१९ मध्ये तेलंगणात शिरून, शेता-शिवारातून फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. येडशीचा वाघही टिपेश्वरचाच, हे पट्ट्यांवरून ठरले. अशा वेळी ‘दिसला’ म्हणणाऱ्यावर गुन्हा दाखल केला, तर पुढचा मेंढपाळ तोंडच उघडणार नाही. एआयने बनवलेले बिबट्याचे फोटो मुद्दाम फिरवणाऱ्याला खुशाल धरा, त्याबद्दल तक्रार नाही.

पण वन खात्याबद्दल आहे. ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ या एका ओळीने माणसाचे समाधान होत नाही. काय तपासले ते सांगा: ठसा पाहिला का, विष्ठा मिळाली का, कॅमेरा किती रात्री लावला. बिबट्याच ठरला तर कशावरून ठरला. आणि आपणही ठसा दिसला की त्याशेजारी रुपयाचे नाणे ठेवून फोटो काढावा, म्हणजे आकार कळतो. नंतर त्यावर घमेले पालथे घालावे. कुत्र्याच्या ठशात बहुधा नखे उमटतात, मांजरकुळातल्या जनावराच्या ठशात सहसा नाही, एवढे तर शाळेतल्या पोरालाही शिकवता येईल. मी शिकवले नाही, ही गोष्ट वेगळी.

त्या शेजाऱ्यांनी शेवटी झाडाला कॅमेरा बांधला. माझ्या मुक्कामात त्यात हरणे आली, रॅकून आले, एक आखूड शेपटीचा बॉबकॅट आला आणि रात्री बॅटरी बदलायला गेलेले ते स्वतः, पायजम्यात. तरी म्हणतात, कॅमेऱ्याचे तोंड चुकीच्या बाजूला होते. मी निघालो त्या दिवशी त्यांनी दुसरा मागवला होता.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, बार्शी