हिवाळ्यात ठेवलेल्या सायकलची बॅटरी निकामी झाल्याबाबत व वॉरंटी नाकारल्याबाबत तक्रार

दिनांक : १७ मार्च २०२५
निफाड, जिल्हा नाशिक

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
भारतीय कार्यालय

विषय : इलेक्ट्रॉनिक गिअर असलेल्या सायकलची बॅटरी आपल्याच सूचनेप्रमाणे ठेवूनही निकामी झाल्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीची इलेक्ट्रॉनिक गिअर (केबलऐवजी बॅटरीवर बदलणारे) असलेली रोड सायकल मी १० मे २०२४ रोजी, अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर, नाशिक शहरातील आपल्या अधिकृत विक्री केंद्रातून २ लाख ६८ हजार रुपयांना घेतली. गिअर प्रणालीवर आपली दोन वर्षांची वॉरंटी आहे. १२ ऑक्टोबर २०२४ ते २३ फेब्रुवारी २०२५ असे १३४ दिवस ही सायकल घरात भिंतीवर टांगून ठेवलेली होती. ती खाली उतरवली तेव्हा बॅटरी पूर्णपणे निकामी झालेली आढळली. आपल्या सेवा केंद्राने ‘कडाक्याच्या थंडीत अयोग्य साठवण, ग्राहकाचा निष्काळजीपणा’ असा शेरा लिहून वॉरंटी नाकारली आणि १९,४०० रुपयांचे अंदाजपत्रक माझ्या हातात दिले. हा शेरा मला मान्य नाही.

नाशिकचा माणूस ऐन हिवाळ्यात सायकल का ठेवून देतो, असे आपल्या सेवा केंद्रातही मला विचारले गेले. इतरांसाठी हाच सायकलचा खरा हंगाम असतो, हे मला ठाऊक आहे. परंतु मी द्राक्ष बागायतदार आहे. ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, झाली की पुढचे चार-साडेचार महिने बाग सोडता येत नाही. घडांची विरळणी, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे), भुरी आणि डाऊनी या बुरशीजन्य रोगांवरच्या फवारण्या, आणि डिसेंबर-जानेवारीत पारा उतरू लागला की पहाटे तीनला उठून ओळींमध्ये शेकोट्या पेटवणे व ठिबक चालू करणे, ही कामे एकामागून एक येत राहतात. सायकल चालते ती माल उतरल्यावर आणि पुढे पावसाळ्यात. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत दोघांच्या संघातून पूर्ण केली, तेव्हापासून मी सायकल चालवतो आहे. त्यामुळे वर्षातले काही महिने सायकल नीट ठेवण्याची मला सवय आहे. इलेक्ट्रॉनिक गिअरची सायकल मात्र मी पहिल्यांदाच ठेवत होतो, म्हणून मी आधी आपल्याला विचारले.

८ ऑक्टोबर २०२४ रोजी मी आपल्या ग्राहक सेवा विभागाला ई-मेल पाठवून स्पष्ट विचारले होते की सायकल साडेचार महिने वापरात नसेल, तर बॅटरी किती चार्ज करून ठेवावी आणि ती प्रणालीपासून सोडवून ठेवावी का. दुसऱ्याच दिवशी आपले उत्तर आले : बॅटरी पूर्ण चार्ज करावी, जोडलेलीच राहू द्यावी, वापर नसताना प्रणाली आपोआप निद्रावस्थेत जाते, वेगळे काही करण्याची गरज नाही. या उत्तराची प्रत सोबत जोडली आहे. दसऱ्याला सायकल धुऊन, पुसून, चेनला तेल देऊन आणि झेंडूचा हार घालून मी तिची पूजा केली, सीटपोस्टच्या (सीटखालच्या नळीच्या) आतील बॅटरी पूर्ण चार्ज केली आणि सायकल राहत्या घरातील आतल्या खोलीत भिंतीवरच्या दोन हुकांना चाकांनी टांगली. फवारणीच्या औषधांची खोली मी जाणीवपूर्वक टाळली, कारण तिथे गंधकाची भुकटी असते आणि गंधकाने तांब्याची जोडणी खराब होते.

२३ फेब्रुवारीला, महाशिवरात्रीला त्र्यंबकेश्वरी सायकलने जाण्याच्या विचाराने, मी ती खाली उतरवली. बटण दाबल्यावर एकही दिवा लागला नाही. चार्जर जोडल्यावर काही वेळ दोषाचा दिवा लुकलुकला आणि मग तोही बंद झाला. साध्या गिअरची सायकल ठेवताना केबलवरचा ताण जावा म्हणून चेन मागच्या सर्वांत लहान चक्रावर आणायची, ही जुनी सवय. इथे केबल नसतानाही मी तसेच केले होते. परिणामी सायकल ५० दातांच्या पुढच्या आणि ११ दातांच्या मागच्या चक्रावर अडकून पडली. या सर्वांत जड गिअरवर चढ चढणे माझ्या वयाला शक्य नाही. माझे महाशिवरात्रीचे जाणे राहिले.

आता आपल्या सेवा केंद्राच्या कारणाकडे येतो. निफाडला थंडी पडते, पारा पाच अंशांच्या आसपास येतो, हे खरे आहे. परंतु ती उघड्या शेतातली थंडी आहे. द्राक्षाच्या कामामुळे माझ्याकडे किमान-कमाल तापमापक बागेतही आहे आणि घरातही. त्यांच्या नोंदी मी रोज वहीत लिहितो. ज्या पहाटे बागेत सहा अंश होते, त्या पहाटे सायकलच्या खोलीत अकरा अंश होते, आणि संपूर्ण हिवाळ्यात त्या खोलीतला पारा याच्या खाली गेला नाही. आपल्या माहितीपुस्तिकेत ही बॅटरी उणे १० ते ५० अंश सेल्सियसमध्ये वापरता येते आणि ० ते ४५ अंशांत चार्ज करता येते, असे छापले आहे. उणे दहा अंशांत गिअर बदलण्यासाठी जी बॅटरी आपण विकता, ती अकरा अंशांच्या खोलीत नुसती टांगून ठेवल्याने कशी मरते? शिवाय लिथियम-आयन बॅटरीतील चार्जची आपोआप होणारी गळती थंडीत मंदावते आणि उष्णतेत वाढते. सेवा केंद्राचा शेरा या साध्या गोष्टीच्याही उलट आहे.

माझ्या तक्रारीचा मुख्य मुद्दा यापुढचा आहे आणि तो मी हिशेबाने मांडतो. बॅटरीवर ७.४ व्होल्ट आणि ५०० मिलिअँपिअर-तास अशी क्षमता छापलेली आहे. १३४ दिवसांचे ३,२१६ तास होतात. पूर्ण भरलेली बॅटरी एवढ्या तासांत रिकामी झाली असेल, तर सायकल भिंतीवर टांगलेली असताना तिच्यातून सरासरी सुमारे ०.१५ मिलिअँपिअर प्रवाह रात्रंदिवस वाहत होता. बॅटरीची स्वतःची महिन्याला होणारी काही टक्के गळती वजा केली, तरी बहुतांश भार प्रणालीचाच उरतो. आता हा प्रवाह निद्रावस्थेतला नेहमीचाच असेल, तर अर्धी भरलेली बॅटरी जेमतेम सव्वादोन महिने टिकेल. पण आपल्याच पुस्तिकेत, ती मला नंतर बारकाईने वाचता आली, दीर्घकाळ ठेवताना बॅटरी निम्मी किंवा अधिक भरलेली ठेवावी आणि दर सहा महिन्यांनी चार्ज करावी असे लिहिले आहे. माझी सायकल ठेवून तर साडेचार महिनेही पूर्ण झालेले नव्हते. म्हणजे एक तर पुस्तिकेतली सूचना चुकीची आहे, नाही तर माझ्या सायकलमधील एखादा भाग निद्रावस्थेत जातच नव्हता, किंवा बॅटरीच सदोष होती. यांतली कोणतीही शक्यता धरली तरी ग्राहकाचा निष्काळजीपणा कुठे आहे, ते मला दिसत नाही.

फोनवर आपल्या प्रतिनिधीने आणखी एक शक्यता सांगितली की हँडलवरील शिफ्टरचे, म्हणजे गिअर बदलण्याचे, बटण कशाला तरी टेकून दाबलेले राहिले असेल, त्यामुळे प्रणाली जागी राहिली असेल. तसे घडू शकते, हे मीही मान्य करतो. पण सायकल दोन्ही चाकांनी हुकांवर होती, हँडल मोकळे होते, आणि ठेवल्या दिवशी काढलेल्या छायाचित्रात ते स्पष्ट दिसते. शिवाय ही शक्यता आपल्याला माहीत होती, तर ९ ऑक्टोबरच्या उत्तरात ‘जोडणी काढून ठेवा’ एवढे तीन शब्द लिहायला हवे होते. त्या तीन शब्दांनी माझी बॅटरी वाचली असती. बॅटरीतील पेशीचा (सेलचा) व्होल्टेज साधारण अडीचच्या खाली गेला की संरक्षक सर्किट बॅटरी तोडते, तो आणखी बराच घसरला की आतील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, आणि मग अशी बॅटरी चार्जर स्वीकारत नाही, तिला पुन्हा भरणे सुरक्षितही नसते. ही माहिती सेवा केंद्रातील तरुण मेकॅनिकने मला शांतपणे समजावून सांगितली, त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे. माझी तक्रार त्याच्याविषयी नाही.

माझी मागणी अशी आहे की वॉरंटीखाली नवी बॅटरी विनामूल्य बसवून द्यावी आणि तपासणीसाठी घेतलेले १,२०० रुपये परत करावेत. परंतु केवळ बॅटरी बदलून माझे समाधान होणार नाही. सायकल बंद असताना प्रणाली किती प्रवाह खेचते, ते मोजून तो आकडा मला लेखी द्यावा, कारण दोष जंक्शनमध्ये (तारा जोडणाऱ्या डबीत) किंवा डिरेलरमध्ये (चेन सरकवणाऱ्या भागात) असेल तर नवी बॅटरीही पुढच्या हिवाळ्यात अशीच जाईल. तसेच सायकल काही महिने ठेवायची असल्यास काय करावे, याची एकच आणि बरोबर सूचना मराठीत छापून नाशिकच्या केंद्रातून प्रत्येक ग्राहकाला द्यावी. आमच्याकडे कोणी पावसाळ्यात सायकल ठेवतो, कोणी माझ्यासारखा हिवाळ्यात. दोघांनाही इंग्रजी पुस्तिकेचे शेवटचे पान वाचून बॅटरी वाचवावी लागू नये.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. या कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येते, त्यामुळे बाग सोडून दूरच्या शहरात मला हेलपाटे घालावे लागणार नाहीत. तिथवर जाण्याची वेळ आपण येऊ देऊ नये, अशी विनंती आहे.

निकामी बॅटरी मी सेवा केंद्राकडून परत घेतली असून ती सीलबंद पिशवीत माझ्याकडे आहे. आपल्या तंत्रज्ञाने ती माझ्या समक्ष तपासावी. खरेदीचे बिल, दोन्ही ई-मेल, छायाचित्र, तापमानाच्या वहीतील पाने आणि सेवा केंद्राचा शेरा यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. बागेतील माल या महिनाअखेर उतरेल, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून मला सायकल हवी आहे.

आपला ग्राहक,
(स्वाक्षरी)
द्राक्ष बागायतदार, तालुका निफाड, जिल्हा नाशिक