ब्रेक पॅडचा फोटो पाठवलाय तो बघ

सोलापूर

बाळा,

परवा फोनवर तू म्हणलास की पप्पा हायब्रिड वगैरे सगळं कंपन्यांचं मार्केटिंग, रेसच्या टेक्नॉलॉजीचा रस्त्यावरच्या गाडीशी काय संबंध नाही, आणि म्हणून कॉलेजच्या रेसिंग टीममध्ये मोटर-बॅटरीकडं न जाता इंजिनकडंच जाणार. गिऱ्हाईक उभं होतं म्हणून तेव्हा मी काय बोललो नाही, पण ते डोक्यातनं जाईना.

गेल्या आठवड्यात होटगी रोडचे एक गिऱ्हाईक हायब्रिड गाडी घेऊन आले, दर पौर्णिमेला तुळजापूरला जातात, म्हणले ५५ हजार किलोमीटर झालेत, ब्रेक बघा. चाक काढलं, जाडी मोजायला व्हर्नियर लावला, पुढचे पॅड अर्ध्याच्यावर शिल्लक! अशा वापरात साध्या पेट्रोल गाडीचे मी एकदा तरी बदललेले असतात. मग त्यांच्यासोबत मुद्दाम तुळजापूरचा घाट उतरून बघितला. ब्रेकवर हलका पाय ठेवला की स्क्रीनवरचा बाण चाकाकडनं बॅटरीकडं वळतो, मोटरच जनरेटर होऊन चाकाला ओढून धरती, आणि जी ताकद एरवी डिस्क तापवण्यात वाया गेली असती ती बॅटरीत जाती.

फॉर्म्युला वनमध्ये २००९ ला केर्स आलं ते हेच, ६० किलोवॅट, एका लॅपला साडेसहा सेकंदाच्या आसपास वापरायला मिळायचं. २०१४ पासून १६०० सीसीचं व्ही६ टर्बो आणि १२० किलोवॅटची मोटर, आणि सुरुवातीला पूर्ण रेसला पेट्रोल फक्त १०० किलो, आधी १५० च्या घरात लागायचं. मला सगळ्यात भारी वाटतं ते हे पेट्रोलचं. पेट्रोल मोजून दिलं म्हणून तर लोकांनी डोकं लावलं, आणि २०१७ ला मर्सिडीजनं टेस्ट बेंचवर ५० टक्क्यांच्या वर एफिशियन्सी काढली, म्हणजे जाळलेल्या पेट्रोलातली निम्म्याहून जास्त ताकद कामाला आली. आपल्या गॅरेजला येणाऱ्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत त्यातली निम्म्याच्या वर नुसती उष्णता होऊन जाती.

तुझं म्हणणं सगळंच चूक नाही. टोयोटाची हायब्रिड प्रियस १९९७ ला रस्त्यावर आली, केर्सच्या बारा वर्षं आधी, म्हणजे तिथं रस्ताच पुढं होता. एक्झॉस्टच्या गरमीतनं वीज काढणारं ते एमजीयू-एच महाग आणि किचकट म्हणून २०२६ च्या नियमात काढूनच टाकलं, हे पण मान्य. पण त्याच विचारातला वीजेवर फिरणारा टर्बो मर्सिडीजनं २०२२ ला रस्त्याच्या एएमजी गाडीत बसवलाच की. आणि २०२६ ला मोटर किती केली बघ, ३५० किलोवॅट, गाडीची निम्म्याजवळ ताकद वीजेची. पार्ट जसाच्या तसा येत नाही रे, तो बनवताना ज्यांचे हात बसले ती माणसं उद्या रोजच्या गाडीचं डिझाईन करतात. त्या माणसांत तू असावास एवढंच मला वाटतं.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरनं पेट्रोल सोडणाऱ्या गाड्या यायला लागल्या तेव्हा मी कार्ब्युरेटर नुसत्या आवाजावर ट्यून करायचो, लांबनं लोक यायचे, आणि मी म्हणायचो हे कॉम्प्युटरचं फॅड टिकत नाही. त्या गाड्यांचा बिघाड वाचणारा स्कॅनर घ्यायला चार वर्षं लावली. तोवर जुनी गिऱ्हाईकं गेली ती गेलीच, तुझ्या आईचे गंठण पण त्याच काळात बँकेत ठेवले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

इंजिन तुला येतंच, लहानपणापासनं माझ्याजवळ बसून शिकलास. जे येत नाही ते या दोन वर्षांत शिक. फक्त हाय व्होल्टेजच्या नारंगी केबलला, बॅटरी तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्याशिवाय, चार्ज उतरायला सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय आणि हाय व्होल्टेजचे रबरी ग्लोव्हज नसताना हात लावायचा नाही, कितीही घाई असू दे. ग्लोव्हज कॉलेजचे फाटके असतील तर सांग, मी घेऊन पाठवतो.

आईनं शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून ठेवल्यात, शनिवारच्या गाडीनं येतील. टीमचं नाव द्यायच्या आधी एक फोन कर.

तुझे पप्पा