तैपेईला जाण्याआधी इथलं ऐकून घे

पुणे

प्रिय निखिल,

मँडरिन शिकायला सप्टेंबरच्या सत्रासाठी तैपेईला निघतोयस, म्हणजे हातात जुलै आणि ऑगस्ट आहेत. व्हिसा, कागदपत्रं, बॅगा हे सगळं होईलच. मी लिहितोय ते दुसऱ्याच कामासाठी. पुण्या-मुंबईतलं स्वतंत्र संगीत जाण्याआधी नीट ऐकून घे, आवडेल ते विकत घे आणि फाइली करून सोबत ने. मँडरिनच्या वर्गात देशोदेशीची मुलं असणार आणि ‘तुमच्याकडे काय ऐकतात?’ असं कुणी ना कुणी विचारणारच. त्या वेळी फक्त हिंदी सिनेमाची गाणी तुझ्या हाताशी असू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

गाण्यांच्या ॲपमध्ये नुसतं ‘मराठी’ असं शोधू नकोस. जे जास्त ऐकलं जातं तेच ॲप पुढे करतं, त्यामुळे चित्रपटगीतांचा ढीग येईल. नावं धरून आत शिर. मुंबईच्या ‘अभंग रिपोस्ट’ या बँडपासून सुरू कर. अभंग तुला पाठच आहेत, त्यामुळे बेस गिटार आणि ड्रम्सनी चालीचं काय केलंय ते लगेच कानात भरेल. मग ‘स्वदेसी’ हा मुंबईचा हिप-हॉप गट ऐक. त्यातला मवाली मराठीत रॅप करतो, आणि मुंबईतल्या आरेच्या जंगलातले वारली कलावंत प्रकाश भोईर यांच्यासोबत ‘स्वदेसी’ने केलेलं काम तर चुकवूच नकोस. पुण्याचे ‘ईझी वाँडरलिंग्ज’ इंग्रजीत गातात, त्यांचा बाज एकदम मऊ आहे. एखादं गाणं आवडलं की श्रेयनामावली उघड : बेस कोणी वाजवला, मिक्सिंग कोणी केलं, पाहुणा गायक कोण. हे वर्तुळ लहान असल्यामुळे तोच माणूस आणखी दोन-तीन बँडमध्ये सापडतो, आणि ॲपच्या शिफारशीपेक्षा ही वाट जास्त भरवशाची आहे. नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्ही प्रकारे शोधून बघ. एकाच बँडची स्पेलिंगंही वेगवेगळी असतात.

प्रत्यक्ष कार्यक्रमांना तुझे महिने अडचणीचे आहेत. २०१० मध्ये पुण्यात सुरू झालेल्या एनएच७ वीकेंडरसारखे उघड्या मैदानावरचे महोत्सव पावसात होत नाहीत, तो हंगाम दिवाळीनंतरचा. त्यामुळे छताखालच्या जागा बघ. मुंबईत लोअर परळचं अँटीसोशल आहे, महालक्ष्मीचं जी५ए आहे. जिथे बार आहे तिथे बहुतेक वेळा एकवीस वर्षांची अट असते, तेव्हा ओळखपत्र जवळ ठेव. मुख्य बँडच्या आधी वाजवणाऱ्यांसाठी वेळेवर पोच, नवीन नावं तिथेच कळतात. स्टेजला चिकटून उभं राहिलास तर ड्रम्स आणि गिटारचे ॲम्प थेट कानावर येतात आणि गायकाचे शब्द बुडतात. साउंड डेस्कजवळ, म्हणजे सगळ्या आवाजांची पातळी जिथून सांभाळतात तिथे, उभा राहा, कारण आवाजाचा तोल तिथल्या कानांनी साधलेला असतो. फोमचे इअरप्लग खिशात टाक.

आता खरेदी, आणि ही मात्र विमानात बसण्याआधीच उरक. स्पॉटिफायचं फुकट खातं परदेशात १४ दिवसच चालतं, मग देश बदलावा लागतो. प्रीमियम घेतलंस तरी उतरवलेली गाणी चालू राहायला ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागतं आणि वर्गणी थांबली की ती गाणी गेली. बँडकँप या संकेतस्थळावर कलाकार स्वतःची गाणी विकतात; तिथे विकत घेतलेली फाइल कायमची तुझी. डिजिटल विक्रीत ते १५ टक्के कापतात, वर पैसे चुकते करण्याचं शुल्क जातं, बाकी कलाकाराला. ‘बँडकँप फ्रायडे’ असेल त्या दिवशी ते आपला वाटाही सोडतात.

इथे हमखास अडतं ते कार्ड. नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते सुरू करावे लागतात. शिवाय ओटीपी भारतातल्या सिमवर येतो. तिकडे गेल्यावर रोमिंग नसेल तर व्यवहार तिथेच अडकणार. जो बँड बँडकँपवर नाही त्याला इन्स्टाग्रामवर सरळ विचार. फाइली द्यायला तयार असतील तर यूपीआयने पैसे पाठव.

फाइली फ्लॅकमध्ये घे, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या प्रकारात. चार मिनिटांचं गाणं साधारण २५ एमबी होतं, म्हणजे ४०० गाणी १० जीबीत बसतात. फोनसाठी ३२० केबीपीएसची एमपी३ प्रत वेगळी ठेव, तेच गाणं तिथे १० एमबीच्या आत येतं. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक लॅपटॉपवर. टॅगमध्ये बँडचं नाव आणि गाव भर, नाहीतर सहा महिन्यांनी ‘ट्रॅक ०३’ कोणाचा हे शोधत बसशील.

तिथल्या गाण्यांबद्दल थोडं. स्ट्रीटव्हॉइस या तैवानी संकेतस्थळावर स्वतंत्र कलाकार गाणी चढवतात आणि बऱ्याच गाण्यांखाली शब्दही असतात. ते आत्तापासून चाळायला लाग. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेव. मँडरिनमध्ये आवाजाच्या चढउताराने, म्हणजे सुराने, शब्दाचा अर्थ बदलतो. गाताना हे सूर चालीत विरघळतात, त्यामुळे गाणं ऐकून उच्चार पक्का होत नाही. शब्द आधी मोठ्याने वाच, सूर नीट लाव, मगच गाणं लाव. आणि तिथले बरेच बँड मँडरिनमध्ये गातच नाहीत. ‘एगप्लँटएग’ तैवानी होक्कियनमध्ये गातात, ती वेगळीच भाषा. ऐक जरूर, पण शब्द कळले नाहीत म्हणून हिरमुसू नकोस. ‘नो पार्टी फॉर चाओ डाँग’ मँडरिनमध्ये आहेत, सुरुवात त्यांच्यापासून कर.

शब्द वहीत उतरवताना देवनागरी वापर. पिनयिन म्हणजे मँडरिन लिहिण्याची रोमन पद्धत. तिच्यातला बी म्हणजे आपला प आणि पी म्हणजे ओठ मिटून काढलेला फ. डी-टी, जी-के यांचंही तसंच, फरक श्वासाचा. झेड हा ‘चांगला’तल्या च सारखा, जे हा ‘चार’मधल्या च सारखा. हे दोन्ही च आपल्या जिभेला आधीच येतात, ही केवढी सोय आहे!

तैपेईतल्या नॉर्मल युनिव्हर्सिटीचं मँडरिन केंद्र गुटिंग मेट्रो स्टेशनच्या जवळ आहे. तिथून मेट्रोच्या हिरव्या मार्गाने दोन स्टेशनांवर गोंगगुआन लागतं आणि ‘द वॉल’ हे लाइव्ह हाउस, म्हणजे बँडचे कार्यक्रम होतात ती जागा, तिथे आहे. पहिला कार्यक्रम तिथेच बघ.

निवडलेल्या बँडची यादी मला या रविवारपर्यंत पाठव. जे राहिलेत असं वाटेल ते मी त्यात घालतो, म्हणजे जुलैतच खरेदी उरकेल.

तुझा,
अमेय